मल्लीकुमारीची सुवर्णप्रतिमा आणि आजचे ‘पाहणे’



सुवर्णमहोत्सवाच्या मंडपात सोन्याचीच एक गोष्ट सांगावी, हे प्रसंगाला धरूनच आहे. ही गोष्ट पाठशाळेतील मुलांना ठाऊक असते आणि मोठ्यांना तिचा शेवट आठवत असतो. ज्यांच्या घरात लग्नाच्या वयाची मुले-मुली आहेत, अशा आईवडिलांनी मात्र ती पुन्हा एकदा प्रारंभापासून ऐकावी. ज्ञाताधर्मकथा या अंगसूत्रात ती आली आहे. मिथिलेचे राजे कुंभ आणि राणी प्रभावती यांची कन्या मल्ली हीच पुढे एकोणिसावे तीर्थंकर झाली, असे श्वेतांबर परंपरा मानते. दिगंबर परंपरा मल्लिनाथांना राजपुत्र मानते. मेढा-सातारा भागात आणि खाली सांगलीकडे दोन्ही परंपरांची घरे आहेत, दोघांचे रोटी-बेटी व्यवहारही आता पूर्वीइतके बंद राहिलेले नाहीत. हा मतभेद येथे मिटवायचा नाही. कथा एका परंपरेची असली, तरी तिच्यातील प्रश्न दोन्हीकडच्या दिवाणखान्यांत रोज उभा राहतो.

मल्लीला मागणी घालणारे राजे सहा. त्यांपैकी एकानेही तिला पाहिले नव्हते, आणि ही गोष्ट ऐकताना बहुतेकांच्या लक्षातून निसटते. साकेतच्या राजाला आपल्या राणीने नागपूजेसाठी करविलेल्या पुष्पमालेचा अभिमान वाटला, तेव्हा प्रधानाने सांगितले की मल्लीच्या वाढदिवसाच्या माळेपुढे ही काहीच नाही. झाले, राजाने दूत पाठविला. चंपानगरीच्या राजाने व्यापाऱ्यांकडून कुंडलांची आणि ती कुंडले ल्यालेल्या मल्लीची वार्ता ऐकली. श्रावस्तीच्या राजाने आपल्या कन्येचा स्नानोत्सव थाटाने केला आणि ‘असा साज कोठे पाहिला आहे काय?’ असे विचारले. उत्तरात मल्लीचे नाव आले. मल्लीच्या कुंडलाचा सांधा निखळला, तो सोनारांना जोडता आला नाही म्हणून त्यांना देशाबाहेर घालविले गेले. ते काशीस गेले आणि तेथील राजाला तिच्या रूपाविषयी बोलून बसले. कांपिल्यच्या राजाला एका परिव्राजिकेने ‘तू विहिरीतला बेडूक आहेस’ असे हिणवून मल्लीचे वर्णन ऐकविले.

हस्तिनापूरच्या राजाची कथा सर्वांत विलक्षण आहे. मिथिलेत एक चित्रकार होता. वस्तूचा एक अंश दिसला तरी संपूर्ण वस्तू हुबेहूब रेखाटण्याची सिद्धी त्याला होती. पडद्याआडून मल्लीच्या पायाचा अंगठा त्याला दिसला आणि तेवढ्यावरून त्याने चित्रसभेच्या भिंतीवर तिचे पूर्ण रूप उभे केले. मल्लीचा धाकटा भाऊ ते पाहून प्रथम लाजला, मग संतापला. त्याने चित्रकाराचा अंगठा तोडून त्याला हद्दपार केले. हाच चित्रकार हस्तिनापूरला गेला, त्याने राजाला ते चित्र दाखविले आणि सहावा दूत निघाला.

माळ, कुंडले, स्नानाचा थाट, सोनारांची वार्ता, ऐकीव वर्णन आणि अंगठ्यावरून काढलेले चित्र. सहा राजांना विवाह करावासा वाटला तो एवढ्यावर. कुंभराजाने सहाही मागण्या धुडकावल्या आणि सहा सैन्यांनी मिथिलेला वेढा घातला.

आता आजकडे वळावे. स्थळ सुचविणाऱ्याच्या मोबाइलमध्ये पहिल्यांदा येतो तो फोटो. बायोडाटा मागून येतो आणि पुष्कळदा न उघडताच राहतो. फोटो काढण्याआधी मुलीला पार्लरमध्ये नेलेले असते. नंतर स्टुडिओवाल्याने चेहऱ्यावरचे डाग पुसलेले असतात आणि राहिले-साहिले फोनमधील फिल्टर पुरे करते. हा फोटो पाहून जे मनात भरते ते अंगठ्यावरून काढलेल्या चित्राहून फारसे वेगळे नसते. मग पाहुणे येतात. मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते, पोहे आणि चहा होतो, दोन प्रश्न होतात आणि मोटारीत बसताना निर्णय झालेला असतो. शहरात या रिवाजाला ‘कांदेपोहे’ असे विनोदाचे नाव पडले. २००८ साली ‘सनई चौघडे’ या मराठी चित्रपटातील गाण्याने तो शब्द घरोघर पोचविला. विनोद झाला म्हणून रिवाज गेला, असे मात्र झाले नाही.

परिचय मेळाव्यांनी यात सुधारणा केली, हे कृतज्ञतापूर्वक नोंदविले पाहिजे. १९८५ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाह आणि वधू-वर परिचयाचे काम मोठ्या प्रमाणावर केले. त्याआधीपासून, १८९९ साली स्थापन झालेली दक्षिण भारत जैन सभा शिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या मार्गाने हाच भार वाहत आली. मेळाव्यामुळे दारोदार मुली पाहत फिरणे कमी झाले, खर्च वाचला, नकाराचा अपमान सौम्य झाला. पण व्यासपीठावर ध्वनिक्षेपकासमोर मुलीने दोन मिनिटांत नाव, वय, उंची, शिक्षण सांगावे आणि समोरच्या खुर्च्यांतून तिच्याकडे पाहिले जावे, हा प्रकारही शेवटी नजरेचाच. आणि परिचय पुस्तिकेत ‘अपेक्षा’ या रकान्यात काय छापलेले असते? ‘सुशिक्षित, सुंदर, गौरवर्णी, गृहकृत्यदक्ष.’ चार शब्दांपैकी दोन डोळ्यांसाठी राखून ठेवलेले.

या विषयावर व्याख्यान ठेवले की श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. वक्त्याने मुलींच्या फॅशनवर कोरडे ओढावेत, लिपस्टिक, कापलेले केस, तोकडे कपडे यांची यादी वाचावी आणि टाळ्या घ्याव्यात. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही, पण ती अर्धीच खरी आहे. अर्धे सत्य सांगून उठणे सुवर्णमहोत्सवाला शोभणारे नाही.

पहिली गोष्ट, तक्रार करणारा कोण आहे ते पाहावे. बाजारपेठेच्या गावात जैन समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या कापडाची, सोन्याचांदीची, स्टेशनरी-कटलरीची दुकाने आहेत. दिवसभर ज्या गादीवर साड्यांचे पदर उलगडून दाखविले जातात, ‘ताई, हा रंग तुम्हाला खुलून दिसेल’ असे सांगितले जाते, त्याच दुकानाच्या माडीवर रात्री मुलीला नव्या ड्रेसबद्दल बोलणी बसतात. ग्राहकाच्या मुलीला शोभणारी वस्तू स्वतःच्या मुलीच्या अंगावर आली की पाप ठरते, हे कोणत्या शास्त्रात बसते, ते त्या दुकानदारालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट, कालची फॅशन आजची परंपरा होते. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे ज्यांचे मूळ गाव, ते बालगंधर्व (१८८८-१९६७) रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांचा शालू, त्यांची नथ, त्यांचा गजरा यांचे अनुकरण त्या काळच्या घरंदाज स्त्रिया करीत असत, हे मराठी नाट्येतिहासात वारंवार नोंदविले गेले आहे. पुरुषाने रंगमंचावर दाखविलेला साज कुलीनतेची खूण ठरला. नऊवारी सोडून गोल पातळ नेसणाऱ्या सुनेला एके काळी टोमणे ऐकावे लागले. त्याच सुनेने पुढे सासू होऊन पंजाबी ड्रेसला नाक मुरडले, आणि आज तोच पंजाबी ड्रेस ‘शालीन पोशाख’ म्हणून धर्मस्थानात चालतो. वस्त्राची लांबी आणि शील यांचे गणित जर इतके पक्के असते, तर दर वीस वर्षांनी उत्तर बदलले नसते.

तिसरी गोष्ट धर्माचीच. श्रावकधर्माने साजशृंगार निषिद्ध ठरविलेला नाही, त्याला मर्यादा घालायला सांगितले आहे. भोगोपभोग परिमाण व्रताचा अर्थच हा की उपभोगाच्या वस्तू किती वापरायच्या याचे माप ज्याने त्याने स्वतः ठरवावे. रोज सकाळी चौदा नियम धारण करणारा श्रावक त्या दिवसापुरती वस्त्रे, फुले, विलेपन, स्नान यांची संख्या मनाशी बांधून घेतो. माप स्वतःच्या हाती आहे, शेजाऱ्याच्या मुलीचे माप घेण्याचा नियम त्या चौदांत नाही. पौषधात ज्या चार गोष्टींचा त्याग करावयाचा, त्यांत शरीरसत्कार आहे आणि त्याच्या पंक्तीला व्यापारही आहे. पावडर-कुंकवाला संसार म्हणावे आणि गल्ल्याला मात्र कर्तव्य म्हणावे, अशी सवलत पौषधाने दिलेली नाही. शिवाय मंदिरांकडे पाहावे. श्वेतांबर मूर्तिपूजक मंदिरात पर्युषणात भगवंतांची आंगी रचतात, मुकुट आणि फुलांनी प्रतिमा सजते. दिगंबर मंदिरात तीच वीतराग मुद्रा निरलंकार उभी असते. सजलेल्या प्रतिमेपुढे आणि न सजलेल्या प्रतिमेपुढे भाविकाचे मस्तक सारखेच झुकते. ज्या समाजाला हे जमते त्याला एका मुलीकडे पाहताना ते अवघड का जावे?

साजाविषयी जैन म्हणून विचारायचा खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो. या डबीत काय आहे? ओठांच्या कित्येक लाल रंगांत कार्माइन नावाचे द्रव्य असते. निवडुंगावर वाढणारे कोचिनील जातीचे किडे मारून, वाळवून ते काढतात. अर्धा किलोच्या आसपास रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, असा अंदाज दिला जातो. रात्री पाणीही न पिणाऱ्या घरात ही डबी आरशापुढे निर्वेधपणे पडून असते. आणि ज्या सासूबाई सुनेच्या लिपस्टिकवर नाराज असतात, त्यांनीच लग्नात अस्सल रेशमी शालूचा आग्रह धरलेला असतो. त्या रेशमासाठी कोशातील किडे जिवंत उकळले जातात. डायना रत्नागर यांनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था रेशीम, कस्तुरी, मोती आणि प्रसाधने यांतील हिंसेविषयी इतकी वर्षे माहिती देत आली आहे. २०१४ साली भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या आणि अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांची आयात यांवर बंदी घातली. ही बंदी अहिंसेच्या दृष्टीने मोठी घटना होती. किती संघांत त्या वर्षी तिचा उल्लेख झाला असेल?

डबीतील दुसरा प्रश्न रंगाचा. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ साली भारतात बाजारात आले. त्याच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे एकच कथा सांगितली: सावळी मुलगी, नकार, क्रीम, गोरी मुलगी, होकार. २००५ साली पुरुषांसाठीही असेच क्रीम आले, म्हणजे नकाराची भीती मुलांपर्यंत पोचली. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा त्या जुन्या क्रीमच्या नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला, आणि त्याच वर्षी शादी डॉट कॉम या विवाहस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. ‘गौरवर्णी’ हा शब्द मात्र समाजाच्या पुस्तिकांत टिकून राहिला. कंपनीने लाजेकाजेस्तव जे सोडले ते संघाने धरून ठेवावे, याचे वाईट वाटते. यात आरोग्याचाही भाग आहे. त्वचा उजळविणाऱ्या काही स्वस्त, विनानावाच्या क्रीममध्ये पारा आढळतो. हा पारा मूत्रपिंडांना इजा करतो. २०१३ च्या मिनामाता करारात अशा प्रसाधनांतील पाऱ्याला दशलक्षात एक भाग एवढीच मर्यादा घातली गेली. लग्न ठरण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत घाईघाईने गोरे होण्यासाठी चेहऱ्याला काय काय चोपडले जाते, याची आईने एकदा चौकशी करावी. आणि ती घाई कोणाच्या बोलण्यामुळे झाली, याचीही.

येथे पुन्हा मिथिलेत जावे लागते, कारण वेढा अजून उठलेला नाही.

मल्लीने आधीच एक मोहनगृह बांधवून घेतले होते. मध्यभागी तिच्याच आकाराची, आतून पोकळ अशी सोन्याची प्रतिमा होती. तिच्या मस्तकावर छिद्र होते आणि वर कमळाचे झाकण. सभोवती जाळ्यांची दालने होती. मल्ली रोज आपल्या भोजनातील एक घास त्या प्रतिमेत टाकीत असे. वेढ्याने पिता हतबल झाला तेव्हा तिने सांगितले, सहाही राजांना स्वतंत्रपणे बोलवावे, प्रत्येकाला ‘मल्ली तुम्हालाच देतो’ असे कळवावे आणि सहा दालनांत बसवावे. राजे आले, त्यांनी जाळीतून सोन्याची प्रतिमा पाहिली, तीच मल्ली असे समजून ते एकटक पाहत राहिले. मग खरी मल्ली आली आणि तिने झाकण काढले. दुर्गंध असा सुटला की सहा राजांनी उत्तरीये नाकाला लावून तोंडे फिरविली. मल्लीने विचारले, आतापर्यंत डोळे हलत नव्हते, आता पाठ का फिरविता? सोन्याच्या पुतळीत रोजचा एक घास पडला तर ही गत, मग या औदारिक शरीराची काय असेल?

या कथेचा अर्थ सांगताना प्रवचनकार सहसा देहाच्या अशुचितेवर थांबतात. तो अर्थ योग्यच आहे. परंतु उपदेश कोणाला केला, हेही पाहिले पाहिजे. मल्लीने कुंडले घातली म्हणून तिला कोणी दोष दिलेला नाही. तिच्या वाढदिवसाची माळ अप्रतिम होती, तिच्या स्नानाचा थाट मोठा होता, हे सूत्रकार निःसंकोच सांगतात. शिकवण मिळाली ती पाहणाऱ्या सहा जणांना. झाकण त्यांच्यासाठी उघडले गेले. आणि आज त्याच कथेचा आधार घेऊन आरशापुढच्या मुलीला बोलले जाते, जाळीआडचे सहा राजे मात्र सोफ्यावर बसून चहा पितात.

कर्मसिद्धान्तही हेच सांगतो. देहाचा वर्ण, बांधा, आवाज, लोकांना प्रिय वाटणे किंवा न वाटणे, हे सारे नामकर्माचे फळ. नामकर्म अघाती आहे, ते आत्म्याच्या मूळ गुणांचा घात करीत नाही. सावळा वर्ण कोणाच्या ज्ञानाला आड येत नाही, बुटकेपणा सम्यक्त्व अडवीत नाही. पण रूपावर लुब्ध होणारी, रूपावरून माणसाला तुच्छ लेखणारी वृत्ती मोहनीय कर्माची आहे, आणि मोहनीय घातीकर्मांचा राजा मानला जातो. मुलीच्या चेहऱ्याची चर्चा अघाती कर्माची, चर्चा करणाऱ्याचा बंध घाती कर्माचा. हिशेबात पारंगत असलेल्या समाजाला यातील नफा-तोटा समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता या चर्चेतील सर्वांत दुखरी बाजू. ही नजर आज उलटी फिरली आहे. २००१ च्या जनगणनेत जैन समाजात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८७० मुली होत्या, देशाची सरासरी ९२७ असताना. २०११ साली हा आकडा ८८९ झाला, तरी देशाच्या सरासरीहून तो कमीच राहिला. किडामुंगीला जपणाऱ्या समाजाने हे आकडे मंदिराच्या फलकावर लावावेत अशा योग्यतेचे आहेत. जन्मालाच न आलेल्या त्या मुलींच्या जागा आज विवाहमेळाव्यात रिकाम्या दिसतात. दुसरीकडे, जन्मलेल्या मुली शिकल्या. २००१ च्याच जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, म्हणजे सर्व धर्मसमाजांत सर्वाधिक होती. मुलगी पुण्याला शिकली, नोकरीला लागली. मुलगा वडिलांच्या दुकानात बसला. मेढ्यासारख्या गावातले, वेण्णेच्या काठचे, पावसाळ्यात जावळीच्या धुक्यात सकाळी उघडणारे दुकान, स्वतःचे घर, निर्व्यसनी स्वभाव, नित्य देवदर्शन. एवढे असूनही मुलगा तिशी ओलांडतो, पस्तिशीला टेकतो. फोटोत तो शर्टाची वरची गुंडी लावलेला, तेल लावून भांग पाडलेला दिसतो आणि मुलीकडून निरोप येतो, ‘स्मार्ट वाटत नाही.’ टक्कल पडू लागले असेल तर तेवढाही निरोप येत नाही.

पूर्वी मुलींच्या आयांनी जे गिळले ते आता मुलांच्या आया गिळत आहेत. काही जण यात न्याय पाहतात. त्यांना दोष देता येत नाही, पण हा न्याय नव्हे. अन्याय करणारी नजर तशीच राहिली, फक्त खुर्च्यांची अदलाबदल झाली. चाळीस साड्यांतून एक निवडून देण्याची पारख ज्या मुलाकडे आहे, जो उधारी मागताना गरिबाला चारचौघांत बोलत नाही, त्याचे हे गुण फोटोत येत नाहीत. मुलीचेही तसेच. वडिलांच्या आजारपणात तिने पुण्याहून दर शनिवारी एस.टी.ने ये-जा केली, हे तिच्या मेकअपखाली कोणाला दिसणार?

यावर तरुणांचे उत्तर असे की, म्हणूनच आम्ही आधी भेटतो. याला ते डेटिंग म्हणतात आणि शब्द ऐकताच घरातील मोठी माणसे दचकतात. दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहापूर्वी एकमेकांचा स्वभाव जाणून घ्यावा, यात दचकण्यासारखे काही नाही. दहा मिनिटांच्या चहापेक्षा ते पुष्कळ बरे. परंतु येथेही एक चूक होते. प्रत्येक भेटीला दोघेही नटून जातात. नवा शर्ट, नवे अत्तर, नवी पर्स, महाग कॅफे. सहा भेटी होऊनही सजलेल्याने सजलेल्याला पाहिलेले असते. कथा पुन्हा आठवते ती सनत्कुमार चक्रवर्तींची. अभ्यंगाला बसलेले असताना, अंगावर तेल असताना त्यांचे रूप पाहून ब्राह्मणवेशातील दोन देव थक्क झाले. चक्रवर्ती म्हणाले, आता काय पाहता, दरबारात अलंकार घालून बसेन तेव्हा या. ते आले आणि खिन्न झाले, कारण तेवढ्या अवधीत देहात रोगाचा प्रवेश झालेला त्यांना दिसला. अलंकारांनी भरलेल्या दरबारात तो दुसऱ्या कोणालाच दिसला नव्हता. देवांना जे भावले ते तेल लावलेले, न नटलेले रूप. दोन-तीन भेटी तरी दुकानाच्या गर्दीत, आजीच्या औषधाच्या रांगेत, एस.टी.च्या प्रवासात व्हाव्यात, असे एखाद्या समंजस आईने सुचविले तर त्यात मुलांचेही हितच आहे.

लग्न ठरल्यावर प्री-वेडिंग शूट येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाऊन आणि सूट घालून काढलेली चित्रफीत लग्नात पडद्यावर दाखवितात. २०१९ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जैन, गुजराती आणि सिंधी समाजांच्या संस्थांनी अशा शूटवर बंदी घातल्याची बातमी देशभर गाजली. खर्चाच्या दृष्टीने ती बंदी समजण्यासारखी आहे. पण मुलगी पाहण्याच्या फोटोला ज्यांनी कधी हरकत घेतली नाही, त्यांनी लग्न ठरल्यानंतरच्या फोटोवर ठराव करावा, यात क्रम चुकला आहे. पहिल्या फोटोत नकार आहे, अपमान आहे. दुसऱ्यात फार तर हौस आणि उधळपट्टी.

घरात आलेल्या सुनेविषयीची विसंगती थोडक्यात सांगून पुढे जावे. फोटोत ती ‘मॉडर्न’ हवी असते, उंबरा ओलांडला की ‘साधी’. जीन्स घातलेला फोटो पाहून जिला पसंत केले, तिच्या डोक्यावरचा पदर ढळला तर चर्चा होते. निवड एका मुलीची आणि अपेक्षा दुसरीची. हा त्या मुलीशी केलेला असत्य व्यवहार आहे, आणि स्थूल असत्याचा त्याग दुसऱ्या अणुव्रतातच सांगितला आहे.

सातारा जिल्ह्यात दागिन्यांविषयी बोलताना एक नाव टाळता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन घराण्यातले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही कुंभोजच्याच. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाई तेथे सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घालू लागल्या. पैसे संपत तसे अंगावरचे दागिने जात राहिले, आणि एकदा मुलांच्या अन्नासाठी काहीच उरले नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. त्यांनी दागिने घातले होते, हौसेने घातले असतील, म्हणूनच ते देता आले. त्या गोऱ्या होत्या की सावळ्या, याची चौकशी त्या वसतिगृहात जेवून मोठ्या झालेल्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

संस्थेच्या पुढील वाटचालीत परिचय मेळावे होतीलच. त्या वेळी विश्वस्तांना दोन-चार गोष्टी सहज करता येतील. पुस्तिकेतून वर्णाचा रकाना आणि ‘अपेक्षा’तून ‘गौरवर्णी’ हा शब्द संपादकांनी सरळ काढून टाकावा, जाहिरात देणाऱ्याने कुरकुर केली तरी. फोटो रोजच्या कपड्यांतला घ्यावा, मुलाचाही आणि मुलीचाही. व्यासपीठावरची दोन मिनिटे रद्द करून सभागृहात छोट्या बैठका लावाव्यात आणि मुले-मुली एकत्र बसून एखादे काम करतील असे काही करावे. भोजनाची वाढपी व्यवस्था त्यांच्याकडे दिली तरी पुरे. शंभर पाने वाढताना कोण कोणाशी कसे बोलतो, सांडले तर कोण पुसतो, वृद्धाला दुसऱ्यांदा कोण विचारतो, हे सर्वांना दिसेल. नकार द्यायचा झाला तर तो रूपाचे कारण न सांगता, लेखी आणि आठ दिवसांत द्यावा.

मिथिलेच्या कथेचा शेवट लोक दुर्गंधापाशीच संपला असे समजतात. तो तेथे संपत नाही. झाकण उघडल्यावर मल्लीने सहा राजांना हाकलून दिले नाही, तिने त्यांना पूर्वभव सांगितला. मागील जन्मी ते सातही जण मित्र होते, एकत्र वाढलेले, एकत्र दीक्षा घेतलेले, एकत्र तप केलेले. ऐकता ऐकता सहाही जणांना जातिस्मरण झाले आणि त्यांनी तिला ओळखले. दालनांची दारे उघडली गेली, आणि वेढा घालायला आलेले सहा राजे तिच्याजवळ आले ते जुने सोबती म्हणून.

जय जिनेंद्र.